एक वर्ग, दोन शिक्षक

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण आम्हां शिक्षकांनी वर्गाच्या बाबतीत जणू शास्त्रवचन मानली आहे. वर्गात शिरून दार लोटले की आत आम्ही एकटेच राजे! मीही तसाच एक राजा होतो. म्हणूनच आज त्या म्हणीविरुद्ध चार शब्द बोलणार आहे.

अमेरिकेत बॉस्टन शहरालगत जेझुइट पाद्र्यांनी 1863 साली स्थापिलेले बॉस्टन कॉलेज नावाचे कॅथलिक विद्यापीठ आहे. तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास काही पायाभूत विषय सक्तीचे असतात. 2015 साली या विषयांत एक नवा उपक्रम सुरू झाला. दोन भिन्न शाखांचे प्राध्यापक एकच बिकट प्रश्न घेऊन एकाच वर्गापुढे उभे राहू लागले. व्याख्यानांना प्रयोगाच्या तासांची व चिंतनाच्या बैठकीची जोड दिली गेली.

हे वाचताना मला देहूचा माझा वर्ग आठवला. तुकोबांची इंद्रायणीत बुडविलेली गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर आली, ही परंपरा मी सांगत होतो. तोच एका मुलीने विचारले, "गुरुजी, आजच्या पाण्यात ती कशी राहिली असती?" मी उत्तर टाळले; पण ते टाळणे मनाला बोचत राहिले. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंना मी वर्गात येण्याची विनंती केली.

बाईंनी नदीच्या पाण्याची बाटली मेजावर ठेवली. कुरवंड्याला उगम पावून तुळापुरास भीमेला मिळेपर्यंत या नदीत वस्त्यांचे व कारखान्यांचे सांडपाणी मिसळते, ती घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात, हे त्यांनी समजावून दिले. मी म्हणालो, "बाई, हे मला ठाऊक नव्हते." मुले चकित झाली. गुरुजींनाही काही ठाऊक नसते, हे त्यांनी प्रथमच ऐकले! मग बाईंनी मला विचारले, "ज्या नदीला आपण तीर्थ म्हणतो, तिच्यात घाण सोडताना हात का अडखळत नाही?" मी निरुत्तर झालो. घंटा झाली तरी मुले उठेनात.

हा मार्ग सोपा नाही. एका तासाला दोन शिक्षक गुंततात, म्हणजे खर्च दुप्पट. शिवाय दोघांनी आधी एकत्र बसून तयारी करावयास हवी. एरव्ही आळीपाळीने दोन व्याख्याने होतात, इतकेच. आमचा प्रयोग वेळापत्रकात पुन्हा बसला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. त्याची खंत मला आजही आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती दूर करण्याचा पुरस्कार केला आहे. उत्तमच झाले. परंतु केवळ विषयांची यादी लांबवून त्या भिंती पडणार नाहीत. मुलाला शाळेत वा महाविद्यालयात घालताना आपण एवढेच विचारा, "येथील शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन बसतात काय?" उत्तर होकारार्थी आले, तर तेथे मुलांबरोबर शिक्षकही शिकत आहेत, असे खुशाल समजा.