पाचामुखी परमेश्वर आणि अटलांटिक करार



'पाचामुखी परमेश्वर' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पाच जणांनी एकत्र बसून जे ठरविले ते एकट्याच्या लहरीपेक्षा अधिक शहाणपणाचे असते, हा तिचा भाव. आजचा विषय वरवर पाहता या म्हणीपासून फार दूरचा वाटेल. अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवरील राष्ट्रांनी आपल्या संरक्षणाचा विचार करताना हजारो जाणत्यांना इंटरनेटवरून एकत्र बसविण्याचा जो प्रयोग केला, त्याविषयी आम्ही बोलणार आहोत. परंतु मूळ प्रश्न तोच आहे. पाचांच्या मुखी परमेश्वर केव्हा बोलतो, आणि पाचही जण एकमेकांचीच री केव्हा ओढतात?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या. त्यातूनच 'नाटो' ही संघटना उभी राहिली. आज तिचे सभासद बत्तीस आहेत. या संघटनेत मतदान होत नाही. बहुमताने कोणताही ठराव संमत होत नाही. सर्वांची संमती मिळेल तेव्हाच निर्णय होतो. आइसलंडसारख्या स्वतःचे सैन्य न बाळगणाऱ्या देशाचा नकार आणि अमेरिकेचा नकार यांचे वजन, निदान नियमाप्रमाणे, सारखेच. अशा संघटनेत विचारविनिमय ही शोभेची वस्तू नसते. तिचा सारा गाडा त्यावरच चालतो.

हे तिला पहिल्या सात वर्षांतच कळून चुकले. १९५६ साली कॅनडाचे लेस्टर पिअर्सन, नॉर्वेचे हाल्वार्ड लांगे आणि इटलीचे गाएतानो मार्तिनो या तीन परराष्ट्रमंत्र्यांची एक समिती नेमण्यात आली. सभासदांनी लष्करी बाबींपलीकडे परस्परांशी सल्लामसलत कशी करावी, हे तिने सांगावयाचे होते. समितीचे काम चालू असतानाच ब्रिटन आणि फ्रान्स यांनी अमेरिकेला विश्वासात न घेता सुवेझवर चाल केली. सल्लामसलतीवर अहवाल लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत सल्लामसलतीचा असा बोजवारा उडाला! डिसेंबर १९५६ मध्ये त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की मित्रांना आधी विचारा आणि मग ठरवा; ठरवून झाल्यावर कळविणे याला सल्लामसलत म्हणत नाहीत.

दुसरा प्रसंग दहा वर्षांनंतरचा. १९६६ साली फ्रान्स नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला आणि संघटनेचे कार्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलवावे लागले. संघटना टिकते की मोडते, अशी शंका घेतली जाऊ लागली. तेव्हा बेल्जियमचे परराष्ट्रमंत्री प्येर आर्मेल यांच्या सूचनेवरून चार अभ्यासगट नेमण्यात आले. गटागटांत मतभेद झाले, मसुदे फिरले, वाक्ये बदलली. आणि डिसेंबर १९६७ मध्ये अवघ्या सतरा परिच्छेदांचा एक अहवाल मान्य झाला. संरक्षण भक्कम ठेवावयाचे आणि त्याच वेळी प्रतिपक्षाशी तणाव कमी करण्याचा यत्नही सोडावयाचा नाही, ही दुहेरी नीती त्यातून निघाली. ती पुढे शीतयुद्ध संपेपर्यंत उपयोगी पडली. भांडण मिटविण्यापेक्षा भांडणातील दोन्ही बाजूंना जागा करून देणे, हे त्या अहवालाचे यश होय.

या समित्यांतून मूठभर माणसे बसत. मग प्रश्न निघाला, की अधिक माणसांचे डोके एकत्र लावता येईल काय? आणि लावले तर शहाणपण वाढेल, की नुसताच गलबला?

याचे उत्तर शोधणारे दोन प्रवाह अमेरिकेत एकाच सुमारास सुरू झाले. अॅलेक्स ऑसबोर्न नावाचे जाहिरात व्यवसायातील गृहस्थ होते. पाच-दहा जणांनी एकत्र बसावे, सुचेल ते बोलावे, कोणी कोणाला नावे ठेवू नयेत, असा सामुदायिक विचारमंथनाचा मंत्र त्यांनी १९५३ साली पुस्तकरूपाने दिला. तो लोकप्रिय झाला. परंतु १९५८ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी तो पारखून पाहिला, तेव्हा विपरीतच दिसले. चार जण एकत्र बसून जितक्या कल्पना काढतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना चार जण चार खोल्यांत वेगवेगळे बसून काढतात. असे का व्हावे? पुढे १९८७ साली जर्मनीतील संशोधकांनी त्याचे एक साधे कारण दाखविले. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि आपली पाळी येईपर्यंत सुचलेले विरून जाते. पंगतीत एकच वाढपी असला म्हणजे शेवटच्या पानापर्यंत भात जसा गार होऊन पोहोचतो, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रवाह युद्धशास्त्राचा. १९५१ च्या सुमारास 'रँड' या संस्थेतील नॉर्मन डॅल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना एक भयंकर प्रश्न घातला. अमेरिकेचे शस्त्रोत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणावयास शत्रूला किती अणुबॉम्ब लागतील? सातही जणांना एकमेकांपासून दूर ठेवले. प्रश्नावल्यांच्या पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत कोणी ५० म्हणाला, तर कोणी ५०००. शेवटच्या फेरीपर्यंत सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दुपटीहून थोडा अधिक, इतकेच अंतर उरले. या पद्धतीला पुढे 'डेल्फी' हे नाव मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सातांचे आकडे जवळ आले, एवढेच या प्रयोगाने सिद्ध झाले; ते बरोबर होते, असे नव्हे. एकमत आणि सत्य ही सख्खी भावंडे नव्हेत. पुष्कळदा ती केवळ शेजारी असतात.

आता इंटरनेटकडे वळू. संगणकावर लिहिताना कोणालाही पाळीची वाट पाहावी लागत नाही. शंभर जण एकाच क्षणी लिहू शकतात आणि सवडीने एकमेकांचे वाचू शकतात. ऑसबोर्न यांच्या बैठकीतील मोठा दोष अशा रीतीने दूर होतो. हे ओळखून 'आयबीएम' या कंपनीने २००१ पासून आपल्या नोकरवर्गात अशी मंथने भरविली. २००६ च्या मंथनात तर दीड लाख माणसे होती. फेब्रुवारी २०१० मध्ये हेच साधन संरक्षणाच्या प्रश्नाला लावण्यात आले. ब्रुसेल्समधील एका अभ्याससंस्थेने त्याच कंपनीच्या साहाय्याने पाच दिवसांचे एक विचारमंथन घडविले. सेनाधिकारी, मुत्सद्दी, प्राध्यापक, पत्रकार, सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते अशी सुमारे चार हजार माणसे शंभराहून अधिक देशांतून त्यात सामील झाली. त्याचे सार काढून शिफारशी नाटो आणि युरोपीय संघ यांच्यापुढे ठेवण्यात आल्या.

या प्रकाराचा लाभ उघड आहे. ज्याला ब्रुसेल्सच्या सभागृहात कोणी खुर्ची दिली नसती, त्या दूरच्या छावणीतील कॅप्टनालाही सेनापतीच्या शेजारी दोन ओळी लिहिता आल्या. परंतु चार हजारांचे लेखन वाचून त्यातून दहा-पाच गोष्टी निवडावयाच्या, हे काम अखेर मूठभरांकडेच येते. गिरणीत धान्य कितीही घाला, पीठ चाळणीच्या भोकाएवढेच बाहेर पडते. म्हणून विचारावयाचे ते असे, की चाळणी कोणाच्या हाती आहे, आणि चाळून उरलेला कोंडा कोणी पाहतो काय?

हा प्रश्न पुस्तकी नाही. त्याच वर्षी काय घडले ते पाहा. नाटोचे नवे धोरण ठरवावयाचे होते. अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली बारा तज्ज्ञांचा गट त्यावर काम करीत होता. ऑगस्ट २००८ मध्ये रशिया आणि जॉर्जिया यांचे युद्ध होऊन गेले होते. जुलै २००९ मध्ये वाक्लाव हावेल, लेख वावेन्सा यांच्यासारख्या मध्य व पूर्व युरोपातील बावीस नामवंतांनी अमेरिकेला उघड पत्र लिहून रशियाच्या वृत्तीविषयी सावध केले होते. ऑल्ब्राइट गटाच्या मे २०१० च्या अहवालात हा सावधपणा उतरला. सहकार्य करावे, पण रशिया उद्या विरोधी वळण घेईल ही शक्यताही गृहीत धरावी, असे त्यात स्पष्ट होते. मग नोव्हेंबरात लिस्बनला अठ्ठावीस राष्ट्रांनी धोरण संमत केले. त्यात म्हटले, की या प्रदेशात शांतता आहे आणि नाटोच्या भूमीवर नेहमीच्या शस्त्रांनी हल्ला होण्याचा धोका कमी आहे. पुढे एक 'तथापि' घालून, हा धोका दुर्लक्षिता येत नाही, असेही जोडले.

श्रोतेहो, या 'तथापि'कडे नीट पाहा. ज्यांनी रशियाचे राज्य अंगावर सोसले होते, त्यांचे आयुष्यभराचे ज्ञान त्या एका शब्दात येऊन बसले. कागदावर ते होते. पण खर्चाच्या अंदाजपत्रकात, सैन्याच्या मांडणीत ते फारसे उतरले नाही. मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रायमिया घेतला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच्या फौजा युक्रेनवर चालून गेल्या. युक्रेन नाटोचा सभासद नव्हता, म्हणून लिस्बनचे वाक्य अक्षरशः खोटे ठरले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु जून २०२२ मध्ये माद्रिदला जे नवे धोरण आले, त्याने या प्रदेशात आता शांतता नाही, असे रोखठोक लिहिले. बारा वर्षांपूर्वीचा 'तथापि' आता मुख्य वाक्य झाला होता.

यावरून तज्ज्ञांना विचारूच नये, असा निष्कर्ष कोणी काढील. तो आम्हांस मान्य नाही. फिलिप टेटलॉक या संशोधकाने २८४ जाणकारांची ८० हजारांहून अधिक राजकीय भाकिते जमवून ताडून पाहिली. त्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तज्ज्ञांचा गर्व हरण करणारा होता. ज्यांचे नाव अधिक गाजलेले, त्यांचे भाकीत अधिक चुकलेले. पण त्याच टेटलॉक यांनी २०११ पासून सामान्य नागरिकांचे गट इंटरनेटवर बसविले. प्रत्येकाने आधी आपला अंदाज आकड्यात मांडावयाचा, मग गटात चर्चा, आणि निकाल लागल्यावर प्रत्येकाच्या चुकीची नोंद. हे गट एकेकट्याने अंदाज करणाऱ्यांहून सरस ठरले. फरक माणसांच्या बुद्धीइतकाच शिस्तीचाही होता.

या साऱ्याचा अर्थ आम्ही तीन वाक्यांत सांगतो. एक, चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपले मत एकट्याने लिहून ठेवावे; नाहीतर पहिला मोठा आवाज सर्वांचे मत होऊन बसतो. दोन, सार काढताना अल्पमत त्याच्या कारणांसह वेगळे छापावे. ते गुळगुळीत करून 'तथापि'च्या खाली दडपू नये. तीन, पाच वर्षांनी वही उघडून कोण बरोबर आणि कोण चूक, हे पाहावे. इंटरनेटने पहिली गोष्ट सोपी केली आहे. दुसरीला आणि तिसरीला मात्र यंत्र पुरत नाही. तेथे माणसाचा प्रामाणिकपणाच लागतो. आणि निर्णयाचे ओझे? ते चार हजारांवर टाकता येत नाही. ज्यांना जनतेला जाब द्यावा लागतो, त्यांच्याच खांद्यावर ते राहिले पाहिजे.

आपली म्हण खोटी नाही. परंतु पाचांपैकी चौघांनी माना डोलावल्या आणि पाचव्याने मान हलविली, तर त्या पाचव्याला 'का?' एवढे विचारण्याचे धैर्य सभेत असले पाहिजे. पोलंड आणि बाल्टिक राष्ट्रे हा नाटोतील पाचवा होता. नगरपालिकेच्या सभेत, बँकेच्या संचालक मंडळात, शाळेच्या समितीत असा पाचवा आपल्याही ओळखीचा असतो. त्याचे म्हणणे प्रत्येक वेळी बरोबर असेल असे नाही. परंतु ते न ऐकण्याची किंमत पुष्कळदा इतरांना, आणि तीही फार उशिरा, मोजावी लागते.