शोरूममधले दुसरे टेबल

(कोलकाता येथील मराठी रेल्वे कामगारांच्या मेळाव्यात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



युनियनच्या मेळाव्यात मोटारगाडीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्याकडे बदलीच्या अर्जांबरोबर गाडीच्या कर्जाचे कागदही येऊ लागले. पूर्वी सरकारी नोकराला मोटारीसाठी खात्याकडून अग्रिम मिळे आणि तो पगारातून कापला जाई. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली तो बंद झाला. आता शोरूमशिवाय दार नाही, असा पुष्कळांचा समज झाला आहे.

आपले नागपूर-गोंदियाकडचे लोक बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून गार्डन रीच आणि खरगपूरला आले. कर्ज त्यांच्या मागोमाग होतेच. पगाराच्या दिवशी दाराशी काठी घेऊन उभा राहणारा काबुली सावकार जुन्या मंडळींनी पाहिला आहे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनवर आपले ना. म. जोशी सभासद होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, असा अंदाज त्या कमिशनने मांडला. कामाच्या जागी घेराव घालून वसुली करणे हा गुन्हा ठरवा, असेही सांगितले. त्यावरून बंगालमध्ये १९३४ साली कायदा झाला. काठीवाला दारावरून हटला. आजचा सावकार दारात येतच नाही. पगार खात्यात पडला की हप्ता आपोआप कापला जातो.

आता एका सभासदाची हकीगत. हे आमचे गोंदियाकडचे, नाव सांगत नाही. शोरूममध्ये गेले, गाडीच्या किमतीवर तासभर घासाघीस केली, पाच हजार सोडवून घेतले, वर चटया फुकट मिळवल्या. मग त्यांना दुसऱ्या टेबलावर नेले. तिथे मुलाने विचारले, ‘काका, महिन्याला किती झेपेल?’ यांनी सांगितले, बारा हजारापर्यंत. मुलगा म्हणाला, साडेअकराच्या थोडे वर बसवून देतो, व्याज फक्त आठ टक्के. यांनी सही केली. पहिल्या टेबलावर तास गेला, दुसऱ्यावर दहा मिनिटे.

कागद आमच्याकडे आला तेव्हा आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. कर्ज ५ लाख, मुदत ५ वर्षे. आठ टक्के होते, पण फ्लॅट. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर. वर्षाला ४० हजार, पाच वर्षांत २ लाख. हप्ता ११,६६७ रुपये, एकूण भरणा ७ लाख. हेच कर्ज घटत्या शिलकीवर नऊ टक्क्यांनी घेतले असते तर हप्ता १०,३७९ आणि एकूण ६ लाख २३ हजारांच्या आत. नऊ टक्क्यांपेक्षा आठ टक्के ७७ हजारांनी महाग पडले! घटत्या शिलकीच्या हिशोबाने त्यांचा खरा दर चौदाच्या वर जातो. आम्ही मॅट्रिक झालेली माणसे, ही आकडेमोड आम्हाला जमते तर तुम्हालाही जमेल.

त्या मुलाला दोष देऊ नका. कर्ज जमवून देण्याबद्दल वित्त कंपनीकडून विक्रेत्याला कमिशन मिळते आणि त्या मुलालाही महिन्याचे टार्गेट असते. तोही कामगारच आहे, आणि त्याची युनियन नाही. पण त्याच्या टार्गेटसाठी आपला फंड का मोडायचा?

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने एक चांगले केले आहे. कर्ज देणाऱ्याने सहीपूर्वी मुख्य बाबींचा तक्ता दिला पाहिजे, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेले असते. तो दर मागा. फ्लॅटचा खेळ तिथे उघडा पडतो. त्या तक्त्यातल्या अटी निदान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. तेव्हा ‘आजच सही केली तर’ असे कुणी म्हणाले तर तक्ता खिशात घालून घरी या आणि तो पगार खात्याच्या बँकेत नि आपल्या पतसंस्थेत दाखवा.

विम्याचेही तसेच. नव्या खासगी मोटारीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, सप्टेंबर २०१८ पासून. पण तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कुणी करू शकत नाही. आगाऊ रक्कम कंपनीच्या नावाने चेकने द्या, पावती घ्या. दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारायला २०१७ पासून कायद्याने बंदी आहे.

उत्तरपाड्याला अँबॅसडरचा कारखाना होता, २०१४ साली बंद पडला. त्याच्यासाठी हावडा लाइनवर हिंद मोटर हे स्टेशन आहे. गाडी बनवणारे कितीतरी जण त्या स्टेशनवर आपल्याच लोकलने उतरत. तेव्हा गाडी नसली म्हणून कमीपणा मानू नका, आणि घ्यायची असली तर जरूर घ्या.

एक राहिले. शेवटचा हप्ता भरला की बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जा आणि आरसीवरून बँकेचे नाव काढून घ्या. आमच्या एका निवृत्त गार्डने ते केले नाही. गाडी विकताना सहा महिने खेटे घातले. कर्जाचे कागद कचेरीत आणा, आम्ही बसून पाहू. मात्र सहीच्या आधी आणा.