अंगावर काढलेली दुखणी
(नागपूर येथील बैठकीतले भाषण)

मैत्रिणींनो, दवाखान्याला बाई दिसते ती पोटुशी असताना, नाहीतर नसबंदीच्या वेळी. एरवी तिला जणू शरीरच नसतं!

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी हे एरवीचं शरीर तपासलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया, त्यांत लग्न न झालेल्या आणि पाळी गेलेल्याही. 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले. 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग, सरासरी प्रत्येकीला साडेतीनहून अधिक. निम्मा आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या किती? फक्त 8 टक्के. बाकीच्यांनी अंगावर काढलं. अंगावरून पांढरं जातं हे सांगायचं तरी कुणाला, पुरुष डॉक्टरला?

आता आपल्याकडचं. नागपूर परिसरातल्या पहिलटकरणी सहा देशांतल्या अ‍ॅस्पिरिनच्या चाचणीत होत्या. रोज 81 मिलिग्रॅमची एक गोळी. 2020 साली निकाल आला: औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत दिवस भरण्याआधीची बाळंतपणं 13.1 टक्के, अ‍ॅस्पिरिनवाल्यांत 11.6. गोळी स्वस्त आहे, फरक खरा आहे. मला त्याचं मोल वाटतं. पण ज्यांनी महिनोन्‌महिने ती गिळली, त्यांना हा निकाल मराठीत कुणी सांगितला का, हे आपण विचारायला हवं. शिवाय हेही संशोधन पुन्हा गरोदरपणातच थांबतं.

वस्तीत बैठक घ्याल तेव्हा आकडे नंतर सांगा. आधी विचारा: बाळंतपण सोडून तुझी तपासणी शेवटची कधी झाली, आणि कुणी केली?