पॅडल हवेत फिरतं तेव्हा
(नरसिंहपूर येथे गटाच्या बैठकीत एका ताईंनी प्रात्यक्षिक दाखवताना केलेले बोलणे)

आज बचतीचा हिशेब लवकर उरकला, म्हणून सायकलचं हे मागचं चाक परातीत आडवं ठेवलंय. हसू नका!

गेल्या गळीत हंगामात माझी लेक शाळेतून येत होती. मागून उसाची ट्रॉली आली म्हणून तिनं उभं राहून जोरात पॅडल मारलं, तर पॅडल नुसतंच हवेत फिरलं. चाकाला जोरच नाही. पोरगी तोल जाऊन कडेच्या चारीत पडली. गुडघ्यावर निभावलं. आम्हाला वाटलं चेन उतरली असेल, पण चेन जागेवर होती. बिघाड या दातेरी चक्रात होता, फ्रीव्हीलमध्ये.

याच्या पोटात दोन छोटे खटके असतात, मिस्त्री त्यांना कुत्री म्हणतात. तारेची बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते. पॅडल मारलं की ती बाहेरच्या कड्याच्या आतल्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. पॅडल थांबवलं की दात्यांवरून घसरतात, तोच तो टिकटिक आवाज. हा आवाज बंद पडला किंवा अडखळत येऊ लागला की समजा, कुत्री चिकटली. आपल्याकडं काळ्या मातीचा धुरळा, वर पावसाचं पाणी, त्यात कुणीतरी हौसेनं भरलेलं घट्ट ग्रीस. सगळ्याचा खळ होतो.

आता उघडायचं, आणि इथंच सगळे चुकतात. झाकणाला दोन भोकं आहेत. त्यात टोचा धरून हातोडीनं हळू ठोकायचं, पण याचे आटे डावे आहेत. घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की सुटतं. नेहमीसारखं डावीकडं ठोकत बसलात तर आणखी आवळतं आणि भोकं बाद होतात.

झाकणाखालच्या पातळ चकत्या जपून ठेवा. मग छर्रे निघतील, वर एक ओळ, खाली एक ओळ. दोन वाट्यांत मोजून ठेवा. मी पहिल्यांदा मोजले नव्हते. एक छर्रा कपाटाखाली गेला, तो दिवाळीच्या साफसफाईत सापडला!

सगळं डिझेलमध्ये धुवा, चुलीपासून लांब बसून. कुत्र्याचं टोक गोल झालं असेल किंवा कड्याचे दाते झिजले असतील, तर नवं फ्रीव्हीलच घ्या. तिथं काटकसर नको, पोरी रस्त्यावर असतात.

जोडताना छर्‍यांना थोडं ग्रीस, म्हणजे ते जागेवर चिकटून राहतात. कुत्र्यांना मात्र शिलाई मशीनचं पातळ तेल, दोनच थेंब. कुत्री आत दाबून दोर्‍यानं गुंडाळा, दोर्‍याचं टोक वर ठेवा, कडं उतरवा आणि बसत आलं की दोरा ओढून घ्या. मग वरचे छर्रे, चकत्या, झाकण. कडं जॅम वाटलं तर एखादी चकती वाढवा. जरासं हललं तर चालतं.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९१ नंतर साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या. आपल्या पोरी तर रोजच चालवतात, पण नटाला हात लावायला मिस्त्रीच लागतो. मला हे पटत नाही.

आक्का, या पुढं. टोचा धरा. अहो, डावीकडं नाही!