ऐपत नसलेल्यांचा दवाखाना

अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांत माणसांस पैशांअभावीं उपचारांवांचून राहावें लागतें, हें अनेक श्रोत्यांस प्रथम खरें वाटणार नाहीं. परंतु तेथें वैद्यकीय उपचार बहुतांशीं विम्याच्या आधारावर चालतात. आणि हा विमा पुष्कळांस नोकरीबरोबर मिळतो व नोकरीबरोबरच जातो. १९६५ सालीं वृद्धांसाठीं ‘मेडिकेअर’ व निर्धनांपैकीं कांहीं वर्गांसाठीं ‘मेडिकेड’ अशा दोन सरकारी योजना निघाल्या. तरीहि त्यांच्या मधल्या फटींतून निसटणारे लक्षावधि लोक उरलेच. १९८६ च्या कायद्यानें इस्पितळांच्या तातडीच्या विभागांवर असें बंधन घातलें कीं, दारीं आलेल्या रुग्णाची ऐपत न पाहतां तपासणी करावी आणि प्राणसंकट असल्यास तें आवरावें. परंतु हा कायदा संकटाच्या घटकेपुरता आहे. मधुमेह, रक्तदाब, गर्भिणीची काळजी यांस महिनोन्‌महिने लक्ष द्यावें लागतें. त्यासाठीं घराजवळचा दवाखाना हवा.

असा दवाखाना काढण्याचा मान प्रामुख्यानें डॉ. जॅक गायगर व डॉ. काउंट गिब्सन यांजकडे जातो. दक्षिण आफ्रिकेंत पोलेला येथें सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्यानें १९४० पासून एक आरोग्यकेंद्र चालविलें होतें. रोगाबरोबरच रोग उपजविणारी परिस्थितीहि तपासावयाची, ही त्यांची रीत. विद्यार्थिदशेंत, १९५७ सालीं, गायगर यांनीं ती तेथें जाऊन अभ्यासिली. पुढें टफ्ट्स विद्यापीठाच्या आश्रयानें व सरकारी साहाय्यानें १९६५ अखेर बोस्टन शहरांतील कोलंबिया पॉइंट वस्तींत, आणि १९६७ सालीं मिसिसिपी संस्थानांतील माउंड बायू येथें, अशीं दोन केंद्रें उघडलीं.

माउंड बायू हें गुलामगिरींतून मुक्त झालेल्या लोकांनीं १८८७ सालीं वसविलेलें गांव. भोंवतालच्या कापसाच्या शेतांत यंत्रें आल्यानें हजारों कृष्णवर्णीय मजुरांचें काम गेलें होतें. केंद्रांत येणाऱ्या कितीतरी मुलांच्या दुखण्याचें मूळ उपासमार हेंच होतें. तेव्हां डॉक्टरांनीं औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देण्यास आरंभ केला. वाण्यानें जिन्नस द्यावे आणि त्याचें बिल केंद्राच्या औषधखात्यांतून भागवावें, अशी व्यवस्था ठरली. वरिष्ठांनीं हरकत घेतली. त्यावर गायगर यांचें उत्तर सरळ होतें: कुपोषणावर वैद्यकशास्त्रानें सांगितलेला उपाय अन्न हाच आहे. केंद्रानें विहिरी खोदविल्या, शौचकूप बांधविले, खिडक्यांस जाळ्या लावविल्या. जॉन हॅच यांच्या मार्गदर्शनाखालीं शेंकडों कुटुंबांनीं सहकारी शेती उभारून आपला भाजीपाला आपणच पिकविला.

या दोन रोपट्यांचा विस्तार आज मोठा आहे. २०२२ सालीं अशा सुमारें १४०० संस्थांनीं ३ कोटींहून अधिक लोकांस उपचार दिले. त्यांतील सुमारें पांचांत एकाजवळ विमा नव्हता. शुल्क कुटुंबाचें उत्पन्न व त्यांतील माणसें पाहून ठरतें; पैसे नाहींत म्हणून कोणास परत पाठवावयाचें नाहीं, असा नियम आहे. याहूनहि महत्त्वाची अट अशी कीं, संचालक मंडळांतील निम्म्याहून अधिक सभासद त्याच केंद्रांत उपचार घेणारे असावे लागतात. यामुळें रुग्णाचें याचकपण सरतें; वेळा कोणत्या ठेवाव्या, पैसा कशावर खर्चावा, याचा जाब तो विचारूं शकतो.

उणिवाहि थोड्या नाहींत. शस्त्रक्रिया किंवा विशेषज्ञाचा सल्ला लागला कीं, विमा नसलेल्या रुग्णास पुन्हा दारोदार हिंडावें लागतें. शिवाय केंद्रांस मिळणाऱ्या सरकारी द्रव्याचा मोठा भाग ठराविक मुदतीपुरता मंजूर होतो. मुदत सरत आली कीं, नवा डॉक्टर नेमावा कीं न नेमावा, असा पेंच पडतो. रुग्णाचा मधुमेह मात्र असल्या मुदती ओळखीत नाहीं. उपचार अखंड हवे असतील, तर त्यांच्या द्रव्याची तरतूदहि अखंड असली पाहिजे.