फॉर्म्युला वन : नियम, व्यवहार आणि प्रेक्षक

फॉर्म्युला वनचा कारभार दोन हातांत आहे. नियम करणे, गाड्या तपासणे आणि शर्यतीतले निवाडे देणे हे एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे काम. शर्यती कोणत्या शहरात भरवायच्या, प्रक्षेपण कोणाला विकायचे, फलक कोणाचे लावायचे हे व्यापारी हक्क घेतलेली कंपनी ठरवते. ही वाटणी भांडणातून झाली. 1980च्या सुमारास महासंघ आणि बर्नी एक्लस्टन यांच्या नेतृत्वाखालची संघांची संघटना पैशांवरून आणि नियमांवरून हातघाईवर आली. 1981मध्ये काँकॉर्ड करार झाला, तरी धुसफुस संपली नाही. 1982च्या सान मारिनो शर्यतीवर त्या संघटनेतल्या बहुतेक संघांनी बहिष्कार घातला आणि जेमतेम 14 गाड्या धावल्या. पुढे 2001मध्ये महासंघाने व्यापारी हक्क 100 वर्षांसाठी एक्लस्टन यांच्या कंपनीला दिले. किंमत होती सुमारे 31 कोटी डॉलर. 2006मध्ये ते हक्क सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीकडे गेले. 2017च्या जानेवारीत अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने ते घेतले, तेव्हा कर्जासह या व्यवसायाचे मोल 800 कोटी डॉलर धरले गेले.

या करारांवर सह्या असतात त्या महासंघाच्या, हक्कधारक कंपनीच्या आणि संघांच्या. तिकीट काढून उन्हापावसात बसणारा किंवा दर महिन्याला वाहिनीचे पैसे भरणारा प्रेक्षक त्यात कुठेच नाही. त्यामुळे त्याला आपले मत सांगण्याचे मार्ग मोजकेच उरतात: हुर्यो उडवणे, पत्रे लिहिणे, कोर्टात जाणे किंवा पुढच्या वर्षी घरी बसणे.

19 जून 2005च्या शर्यतीत आणि तिच्यानंतर इंडियानापोलिसच्या प्रेक्षकांनी यातले काही मार्ग वापरले. त्या वर्षी एक नवा नियम होता. पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत मिळून टायरचा एकच संच वापरायचा. फाटला वा बिघडला तरच बदलायचा. इंडियानापोलिसचे तेरावे वळण मूळच्या अंडाकृती ट्रॅकचा भाग आहे. ते कललेले असल्याने तिथे गाडी पूर्ण वेगात असते आणि टायरवर प्रचंड भार येतो. शुक्रवारच्या सरावात तिथेच राल्फ शूमाखरचा टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. मिशेलिन कंपनीने तपासणी करून कळवले, की या वळणावर वेग कमी केल्याशिवाय आपले टायर पूर्ण शर्यत टिकतील याची हमी देता येणार नाही. वळणाआधी तात्पुरता अडथळा घालून वेग कमी करावा, असा प्रस्ताव आला. महासंघाने तो फेटाळला. ज्यांनी ब्रिजस्टोनचे योग्य टायर आणले त्यांच्यावर तो अन्याय होईल, असे महासंघाचे म्हणणे होते आणि कायद्याच्या भाषेत ते बिनचूक होते.

रविवारी वीसच्या वीस गाड्या फॉर्मेशन लॅपसाठी निघाल्या. लॅप संपता संपता मिशेलिन वापरणाऱ्या सात संघांच्या चौदा गाड्या एकामागून एक पिट लेनमध्ये वळल्या. सुरुवातीच्या रेषेवर उभ्या राहिल्या सहा: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. काय चालले आहे हे गर्दीला काही क्षण कळलेच नाही. मग हुर्यो सुरू झाली, बाटल्या आणि डबे ट्रॅकवर पडू लागले, शर्यत चालू असतानाच लोक स्टँड सोडून निघाले. मिषाएल शूमाखर जिंकला. जॉर्डनचा नारायण कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय चालक म्हणून कमावलेले त्याचे एकमेव गुण, एकूण पाच, याच शर्यतीतले. भारतीय वाचकाला हा दिवस अभिमानाचा वाटावा हे साहजिक आहे, पण त्या दिवसाची खरी नोंद रिकाम्या होत गेलेल्या स्टँडची आहे.

मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीची 20,000 तिकिटे विकत घेऊन वाटण्याचे जाहीर केले. प्रेक्षकांचे दावे मात्र न्यायालयात टिकले नाहीत. टायरबदल 2006मध्ये पुन्हा सुरू झाला, मिशेलिन त्या वर्षानंतर बाहेर पडली आणि 2007नंतर इंडियानापोलिसची शर्यतही बंद झाली. त्या रविवारी प्रत्येक पक्षाने आपापल्या नियमाला किंवा आपल्या जबाबदारीला धरूनच निर्णय घेतला होता. ज्याच्यासाठी शर्यत भरवली त्याची जबाबदारी मात्र कोणाच्याही कागदावर नव्हती. पुढच्या सर्व वादांचे मूळ इथे दिसते.

शर्यत रंगतदार व्हावी म्हणून केलेल्या नियमांचे वाद ही दुसरी जात. 27 ऑक्टोबर 2013 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सेबास्टियन फेटेलने सलग चौथे विजेतेपद पक्के केले, तेव्हा हंगामाच्या तीन शर्यती बाकी होत्या. त्याने मुख्य स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली, धुरात उतरून गाडीपुढे वाकून नमस्कार केला आणि हातमोजे गर्दीत फेकले. लोकांनी जल्लोष केला. गाडी ठरलेल्या जागी नेली नाही म्हणून पंचांनी त्याच्या संघाला 25,000 युरो दंड केला. प्रेक्षकाला काय आवडते आणि नियमाला काय खपते यातले अंतर भारतीय मातीवर इतके उघड पुन्हा दिसले नाही.

विजेता लवकर ठरला की टीव्हीचा प्रेक्षक पांगतो. त्यावर डिसेंबरमध्ये उपाय निघाला, 2014च्या शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण देण्याचा. चाहत्यांनी तो ऐकताक्षणी धुडकावला. एका शर्यतीची किंमत दुसरीच्या दुप्पट का, या प्रश्नाला खेळाच्या अंगाने उत्तर नव्हते. लुइस हॅमिल्टन दुप्पट गुणांशिवायही विजेता ठरला असता, त्यामुळे अनर्थ टळला आणि नियम एका हंगामातच गेला. 2016मध्ये पात्रता फेरीत दर दीड मिनिटाला सर्वांत संथ चालक बाद करण्याची पद्धत आली. मेलबर्नला टायर वाचवण्यासाठी चालक गॅरेजमध्येच थांबले आणि फेरीची अखेरची मिनिटे, जी सर्वांत चुरशीची असायला हवीत, रिकाम्या ट्रॅककडे पाहण्यात गेली. ही पद्धत दोन शर्यतींत संपली. त्याच सुमारास चालकांच्या संघटनेने उघड पत्र लिहून खेळाची निर्णयपद्धतच कालबाह्य असल्याचे म्हटले. चालक आणि चाहते एका बाजूला, असे दृश्य क्वचितच दिसते.

इंजिनांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. 2014मध्ये 2.4 लिटरची आठ सिलिंडरची इंजिने गेली आणि 1.6 लिटरची, सहा सिलिंडरची टर्बो-हायब्रिड इंजिने आली. एका शर्यतीला 100 किलो इंधनाची मर्यादा पडली. वरवर ही तांत्रिक सुधारणा. तिच्यामागे रेनो, मर्सिडीज यांसारख्या कारखानदारांची गरज होती, कारण रस्त्यावर विकायच्या गाड्यांशी नाते सांगणाऱ्या तंत्रज्ञानावरच त्यांची संचालक मंडळे खर्च मंजूर करणार होती. इंधनाच्या हिशेबात ही इंजिने विलक्षण कार्यक्षम ठरली. पण आवाज गेला. छातीत घुमणाऱ्या त्या किंचाळीसाठी लोक सर्किटवर जात. घरच्या पडद्यावर ती कधीच पूर्ण ऐकू येत नसे. मेलबर्नच्या आयोजकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मर्सिडीजने कर्ण्यासारखे तोंड असलेली धूरनळी चाचणीत लावून पाहिली, उपयोग झाला नाही. या तक्रारीला जुन्याची हळहळ म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हते. तिकिटात ज्याची किंमत मोजली होती, तेच काढून घेतले गेले होते.

हेलोच्या बाबतीत मात्र चाहते चुकले. चालकाच्या डोक्याभोवतीची ही टायटॅनियमची कमान 2018पासून सक्तीची झाली, तेव्हा गाडी कुरूप झाली, उघड्या कॉकपिटची परंपरा मोडली, अशी ओरड झाली. रोमां ग्रोजां या चालकाचाही विरोध होता. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनमध्ये त्याचीच गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. तो जवळपास अर्धा मिनिट ज्वाळांत होता आणि स्वतः बाहेर आला. कठड्याचे लोखंड हेलोने अडवले नसते तर ते त्याच्या डोक्यावर आले असते. त्यानंतर हा वाद उरला नाही.

नवलाईचा राग असा ओसरतो. अन्यायाचा ओसरत नाही. 12 डिसेंबर 2021 रोजी अबुधाबीत, हंगामाच्या शेवटच्या शर्यतीआधी, हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांचे गुण सारखे, प्रत्येकी 369.5 होते. हॅमिल्टन आघाडीवर असताना शेवटच्या काही लॅपमध्ये एक गाडी आदळली आणि सेफ्टी कार आली. व्हर्स्टापेनने नवे टायर घेतले. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी मागे पडलेल्या गाड्यांपैकी या दोघांमधल्या पाचच पुढे जाऊ दिल्या आणि सेफ्टी कार त्याच लॅपअखेर आत घेतली. नियमाप्रमाणे ती आणखी एक लॅप थांबायला हवी होती. उरलेल्या एका लॅपमध्ये विजेतेपदाचा निकाल फिरला. दोन्ही संघांचे प्रमुख संचालकांशी रेडिओवर हुज्जत घालत होते आणि ते संभाषण प्रक्षेपणात ऐकवले जात होते. करमणूक म्हणून ते ऐकवले, आणि त्यातूनच जगाला कळले की निवाडा दबावाखाली चालला आहे. महासंघाने अहवालात मानवी चूक झाल्याचे मान्य केले, मासी यांना पदावरून हलवले, नियमाची शब्दरचना बदलली. निकाल कायम राहिला. व्हर्स्टापेनचा त्यात काही दोष नाही. पण त्या हंगामाचा विषय निघाला की आजही चाहत्यांत दोन तट पडतात.

व्यवहारांवरचा रोष सहसा दाराशी अडवलेल्या माणसाचा असतो. ब्रिटनमध्ये बीबीसीवर विनामूल्य दिसणाऱ्या शर्यती 2012पासून स्काय या सशुल्क वाहिनीकडे सरकल्या, आणि 2019पासून ब्रिटिश ग्रांप्री वगळता सर्व थेट प्रक्षेपण तिथेच गेले. अमेरिकेत माजी विश्वविजेते मारिओ अँड्रेटी यांच्या घराण्याच्या संघाला 2023मध्ये महासंघाने प्रवेश मान्य केला, पण जानेवारी 2024मध्ये हक्कधारक कंपनीने नकार दिला. या संघामुळे स्पर्धेचे मोल वाढणार नाही, असे कारण दिले गेले. आणखी एक वाटेकरी आला की दहा संघांच्या वाट्याचे उत्पन्न घटते, हे चाहत्यांनी लगेच ओळखले. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनीही जाब विचारला. मग संघप्रमुख मायकेल अँड्रेटी बाजूला झाले, जनरल मोटर्स पुढे आली आणि नोव्हेंबर 2024मध्ये कॅडिलॅक या नावाने अकराव्या संघाला 2026साठी तत्त्वतः होकार मिळाला.

भारतीय प्रेक्षकाला तर राग दाखवायची जागाच उरली नाही. बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन शर्यती झाल्या. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी शर्यत म्हणजे खेळ नसून करमणूक होती. त्यामुळे करमणूक कराचा वाद उभा राहिला आणि त्यात व आर्थिक ओढाताणीत शर्यत गेली. 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या उत्पन्नावर फॉर्म्युला वनला भारतात कर द्यावा लागेल असा निर्णय दिला. सरकार, आयोजक आणि कंपनी यांचे म्हणणे नोंदवले गेले. लांबून रेल्वेने दिल्लीला जाऊन स्टँडमध्ये बसलेल्या माणसाचे नोंदवले गेले नाही.

नोव्हेंबर 2023मध्ये लास व्हेगासला पहिला सराव आठ-नऊ मिनिटांत थांबला, कारण रस्त्यातले एक झाकण उखडून कार्लोस साइन्झच्या फेरारीखाली आदळले. दुसरा सराव रात्री अडीचला सुरू झाला, त्याआधीच प्रेक्षकांना स्टँडबाहेर काढले होते. फक्त गुरुवारचे तिकीट असलेल्यांना 200 डॉलरचे वस्तुखरेदीचे कूपन देऊ केले गेले, पैसे परत नाहीत. इंडियानापोलिसनंतर अठरा वर्षांनीही प्रेक्षकाचा परतावा कंपनीच्या मर्जीवर होता. संघांचे उत्पन्न घटू नये म्हणून नव्या संघाकडून 20 कोटी डॉलर घेण्याचे कलम काँकॉर्ड करारात होते; न झालेल्या शर्यतीचे पैसे तिकीटधारकाला परत देण्याचे कलमही त्याच करारात लिहिले गेले पाहिजे.