पाणी कोराडीला, चर आमच्या दारात



परिचय करून देताना माझं कौतुक जरा सढळ हातानं झालं, त्यातलं निम्मं वजा करून पुढे जाऊ या. परिषदेची पत्रिका मी वाचली. मेम्ब्रेनवर निबंध आहेत, क्लोरिनच्या मात्रेवर आहेत, पंपांच्या वीजबिलावरही आहेत. शुद्ध केलेलं सांडपाणी वाहून नेणारा नळ वस्तीतून टाकताना काय होतं, यावर मात्र एकही नाही. म्हणून मी आज त्या चरातच उतरणार आहे.

पुनर्वापर म्हटलं की आपण नागपूरचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. भांडेवाडीला शुद्ध केलेलं 130 दशलक्ष लिटर पाणी रोज कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना तिथे उभी राहिली. महापालिका आणि वीज केंद्र चालवणारी महानिर्मिती कंपनी यांचा करार 2008 सालचा. कोराडीच्या 660 मेगावॅटच्या तीन संचांना थंड ठेवायला एरवी धरणातलंच पाणी द्यावं लागलं असतं. शहर आणि शेती दोघंही पेंच धरणाकडे डोळे लावून बसलेले असताना ही बचत थोडी नव्हे. पण भांडेवाडी पूर्वेला, कोराडी उत्तरेला. मधलं अंतर नळालाच कापावं लागतं, आणि महानगराच्या कडेनं नळ न्यायचा म्हणजे कुणाच्या तरी दारावरून जाणं आलंच.

अशा नळांची संख्या वाढणारच आहे. 2016 च्या वीजदर धोरणानुसार मैलाशुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरणं बंधनकारक आहे. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोलीचं पाणी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांकडे वळवण्याचं काम झालं. उद्या तुमच्या शहराची पाळी आहे.

या योजनांत एक उघड विषमता आहे. पाणी वीज केंद्राला, महसूल महापालिकेला, पाठीवर थाप आपल्याला. आणि धूळ, ब्रेकरचा आवाज, दारातली फळी घराघराला. ज्या गल्लीतून नळ जातो त्या गल्लीला त्यातलं तांब्याभर पाणीही मिळत नाही. तरीही विरोध झाला की आपण म्हणतो, लोकांना विकास नको असतो. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं.

लोक काय विचारतात? वास येईल का? नळ फुटला तर आमच्या बोअरमध्ये उतरेल का? आजारी माणसाला न्यायला रुग्णवाहिका दारापर्यंत येईल का? आपल्या फलकावर असते योजनेची रक्कम, मुदत आणि ठेकेदाराचं नाव. विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिथे नसतं. खरं उत्तर द्यायला अवघड आहे असंही नाही. रबरी गास्केट नीट बसलेला दाबाचा नळ वास देत नाही. पण केंद्रात शुद्धीकरण कच्चं राहिलं तर एअर व्हॉल्व्हच्या चेंबरजवळ वास येऊ शकतो. हे दुसरं वाक्य आपण गिळतो आणि मग पहिल्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. बंगळुरूचं शुद्ध केलेलं पाणी कोलारच्या तलावांत सोडायला लागल्यावर 2018 मध्ये एका तलावावर पांढरा फेस आला. पुढे कितीही चांगलं पाणी आलं तरी लोकांना आठवतो तो फेसच.

वासापेक्षा मोठी भीती दुसरीच आहे आणि ती लोकांनी अजून बोलून दाखवलेली नाही, म्हणून आपणच सांगायला हवी. जेसीबीचा दात घरगुती अर्ध्या इंची नळजोडात अडकतो. ठेकेदाराचा माणूस सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतो, तारेनं आवळतो आणि वर माती लोटतो. पाणी चालू असताना ती जागा नुसती गळते. पण आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं आणि जातं. गेलं की रिकाम्या होणाऱ्या नळात पोकळी तयार होते, आणि तीच ट्यूब चरात साठलेलं पाणी आत ओढते. शेजारून सांडपाण्याचा नवा नळ गेला असेल तर काय होईल, ते या सभागृहाला वेगळं सांगायला नको. परदेशी पुस्तकं चोवीस तास दाब असलेल्या शहरांसाठी लिहिलेली असतात. आडवं 3 मीटर अंतर, पिण्याचा नळ वर आणि शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा खाली, हे नियम आपल्याकडे म्हणूनच अधिक कडक पाळले पाहिजेत. बारा फुटी गल्लीत 3 मीटर कुठून आणणार, असं तरुण अभियंते विचारतील. मिळत नसतील तर मार्ग बदला, नाहीतर नळाला बाहेरून आवरण द्या. नकाशावर अंतर दाखवून मोकळे होऊ नका. कॅलिफोर्नियात असा नळ जांभळा असतो. रंगाचा खर्च किरकोळ आहे, आणि वीस वर्षांनी तिथे खणणाऱ्या प्लंबरला आपली फाइल सापडणार नाही, रंग मात्र दिसेल.

भरावाबद्दल थोडक्यात. मुरूम थरांनी टाकून, पाणी मारून कुटायचा, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. प्रत्यक्षात सगळी माती एकदम लोटली जाते आणि पहिल्या वळिवातच रस्ता बसतो. कारण नळ टाकल्याचं बिल लगेच निघतं, रस्ता पूर्ववत करण्याचं सावकाश.

वस्तीला काही परत द्यायचं असेल तर वाटेत तोट्या ठेवता येतील: बागांसाठी, दुभाजकांसाठी, बांधकामाच्या टँकरसाठी. मात्र संच थंड करायला चालतं ते पाणी मुलं खेळतात त्या हिरवळीवर फवारायला चालेलच असं नाही. तिथे निर्जंतुकीकरण हवं, शक्यतो ठिबक हवं. हा खर्च धरायचा नसेल तर तोटीचं आश्वासन देऊ नये.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. वस्तीतून जाणाऱ्या अशा प्रत्येक नळाच्या अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करणं, तुटलेले नळजोड नव्यानं बसवणं आणि खोदाईआधी गल्लीत जाऊन माहिती देणं या तीन बाबींना स्वतंत्र दर असावेत, आणि मागचा टप्पा बुजवल्याशिवाय पुढच्या टप्प्याचं बिल निघू नये. ठेकेदार मंडळींचा विरोध असेल, त्यांनाही बोलावलं आहे. मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. दुरुस्त्या जेवणाच्या सुटीपूर्वी लेखी द्याव्यात, म्हणजे चर्चेला पुरेसा वेळ मिळेल.